मच्छेला ठेवलेला पाट

आई,

टिळकवाडीत आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडच्या गल्लीत, एक जपानी हॉटेल निघालंय. तिथे शेवया मिळतात. तुला जपान म्हणजे शेजारच्या घरातला तो जुना रेडिओ, एवढंच ठाऊक होतं. तेव्हा तुला हे कसं सांगावं याचा मी दोन दिवस विचार करतेय. एक मोठं, खोल, मातीचं वाडगं असतं. त्यात कोंबडीच्या हाडांचा पांढरट होईपर्यंत उकळलेला रस्सा, रस्स्यात गव्हाच्या लांबच लांब शेवया, वर अर्धं कापलेलं अंडं, कांद्याची पात आणि समुद्रातल्या शेवाळाचा कागदासारखा काळा तुकडा. त्याला रामेन म्हणतात. दूध नाही, गूळ नाही. शेवया आणि कोंबडीचा रस्सा हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मग हळूच विचारलं असतंस, पीठ कसलं वापरत्यात गं?

तुझी नात मागे लागली म्हणून आम्ही गेलो. तू गेलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता नोकरी करते, घरातूनच, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून. रविवारी दुपारी ती, हे आणि मी असे तिघं गेलो. कुठल्यातरी जुन्या बंगल्याच्या मोटार ठेवायच्या खोलीत हॉटेल आहे. तीन टेबलं आणि एका बाजूला लाकडाचा लांब कट्टा, त्याच्यासमोर सहा-सात उंच स्टुलं. दाराला अर्धाच, डोक्याला लागेल असा निळा पडदा. काठावरून ओळखलं मी, वडगावच्या मागावरचंच कापड होतं. आत वाफ, गरम रस्स्याचा वास, आणि इतकी कमी जागा की पलीकडच्या टेबलावरचे लोक काय बोलतात ते कान न देता ऐकू यावं. मला ते आवडलं. आपल्या घराची बाहेरची खोली तेवढीच होती.

हॉटेल चालवणारा तिशीतला आहे. पुण्यात एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली आठ वर्षं काढून आलेला. त्याने पाणी ठेवलं, कार्ड दिलं, आणि ऑर्डर घ्यायच्या आधी कट्ट्याच्या पलीकडे हात करून म्हणाला, "ही माझी आई. पीठ सगळं हिच्या हातचं. मी नुसतं कापतो आणि शिजवतो." पलीकडे एक बाई उभी होती. साठीच्या आसपासची, गोल साडी, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पांढरे. तिने मान वर करून हसल्यासारखं केलं आणि पुन्हा तळव्याच्या मुळाने पीठ रेटायला लागली. आमच्यामागून दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्यांनाही त्याने तेच सांगितलं. मग एक डॉक्टर जोडपं आलं, त्यांनाही. प्रत्येकाला. सवयीने नव्हे, दर वेळी त्याला सांगायचंच असायचं.

पाचव्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. आणि तिथे तुझा पाट होता.

मला क्षणभर वाटलं, सगळे पाट सारखेच असतात. बारीक खाचा पाडलेली फळी, एका टोकाला दोन पाय, म्हणून उतरती. पण त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला स्टोव्हने जळालेला काळा डाग होता, आणि उजवा पाय मूळच्या लाकडाचा नव्हता. तो आप्पांनी मागाच्या मोडक्या फळीतून काढून बसवला होता, तीन खिळे मारून, त्यातला एक वाकडा. वाकडा खिळा अजून तसाच आहे, आई. पाटावर आता वरून छोटा दिवा लावलाय. लोक जेवण झालं की त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

तू त्या पाटाला पाय लागू द्यायची नाहीस. आप्पा दुसऱ्यांच्या मागावर, तू घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचीस, आणि होळी झाली की शेवयांचे दिवस यायचे. गहू ओलवून, दळून, चाळून त्या-त्या घरच्या बाया तयार ठेवायच्या. तू पाट डोक्यावर घेऊन जायचीस. शहापूर, वडगाव, टिळकवाडी. पीठ तिंबायला बसलीस की अर्धा तास बोलायची नाहीस. मग पाटावर गोळा ठेवून तळवा असा फिरवायचीस की खाचांतून शेवया दोऱ्यासारख्या खाली उतरायच्या, आणि खाली बसलेल्या बाईने त्या अलगद झेलून काठीवर टाकायच्या. तुझ्यासारखी बारीक शेवई कुणाला जमायची नाही. पोत्यावर वाळत घातलेल्या शेवया बघून विणकराच्या घरची बाई आहे म्हणायचे लोक, सूतच काढते म्हणायचे. हे सगळं मी अभिमानाने लिहितेय असं वाटेल. तेव्हा मला याची लाज वाटायची. तुझ्या हातांना येणाऱ्या पिठाच्या आंबूस वासाची, पाट डोक्यावर घेऊन तू रस्त्याने जायचीस त्याची, आणि शाळेच्या वाटेवर तू समोरून आलीस तर काय करायचं याची.

नववीची परीक्षा संपली होती. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तिने मला घरी बोलावलं. वडील वकील, टिळकवाडीत बंगला. मी शेजारच्या आक्काच्या मुलीचा फ्रॉक मागून घातला. तू सकाळी म्हणाली होतीस की आज टिळकवाडीत कुणा वकिलांच्याकडं लग्नाच्या शेवया आहेत, पण मी लक्ष दिलं नव्हतं. टिळकवाडीत वकील काय कमी आहेत.

त्यांच्याकडे जेवायचं टेबल होतं. मी त्या टेबलाशी बसलेय, समोर मैत्रीण, तिची आई रुखवताच्या वस्तू दाखवतेय, आणि गच्चीच्या जिन्यावरून पावलं येतात. तू रिकामं पातेलं घेऊन पाणी न्यायला खाली येतेस. हात कोपरापर्यंत पांढरे, कपाळावर पीठ, घामाने कुंकू थोडं उतरलेलं. मला बघून तुझा चेहरा उजळतो. असा उजळतो की अजून डोळ्यांपुढे आहे. तू म्हणतेस, "आगं, तू हितं कशी?"

मैत्रिणीची आई म्हणाली, "तुम्ही ओळखता हिला?"

तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आमच्या गल्लीत राहतात या."

फार तर एक श्वास गेला असेल. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. वकिलीणबाईंकडे बघून म्हणालीस, "व्हय व्हय, बाईसाब. गल्लीतलीच पोर हाय. लई हुशार, पयला नंबर असतोय तिचा." आणि पातेलं भरून घेऊन वर गेलीस.

तेवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण तासाभराने ताज्या शेवयांची खीर झाली, चाखून बघायला. वकिलीणबाई तुला म्हणाल्या, तुमच्याच हातचं आहे, तुम्हीच वाढा. तू हात धुऊन आलीस, आधी मैत्रिणीला वाढलंस, मग माझ्यासमोर वाटी ठेवलीस आणि म्हणालीस, "घ्या ताई. गरम हाय, बेतानं खावा."

मला तू ताई म्हणालीस. मला खावा म्हणालीस. आणि मी जे कुणाला सांगितलेलं नाही ते आता सांगते. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. टेबलाशी बसलेली मी आणि उभी राहून वाढणारी तू, आणि कुणाला काही कळलं नाही, याने मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक वाटी मागून घेतली.

संध्याकाळी तू घरी आलीस तेव्हा मी सुट्टीतसुद्धा पुस्तक उघडून बसले होते. मला वाटलं, आता बोलशील. एक थोबाडीत मिळेल असं वाटत होतं, ती मिळावी असंही वाटत होतं. तू पाट पुसून भिंतीला उभा केलास, पदराची गाठ सोडलीस, त्यातून कागदात बांधलेल्या मूठभर शेवया काढल्यास. "वकिलीणबाईंनी दिल्यात," म्हणालीस. "तुला आवडल्यागत दिसल्या." बस्स. त्यावर तू आयुष्यात एक शब्द बोलली नाहीस.

पुढच्या उन्हाळ्यात तू टिळकवाडीला गेलीच नाहीस. पाट घेऊन मच्छे गावाला जायला लागलीस. टिळकवाडी केवढी जवळ, आणि मच्छे म्हणजे डोक्यावर फळी घेऊन दीड-दोन तासांची चाल. शेजारच्या आक्काने दारात विचारलं, "जवळचं सोडून तिकडं का मरायला जातीस गं?" तू म्हणालीस, "तिकडची मानसं मायाळू हाईत." मी आत चूल सारवत होते. मला कळलं. चांगलं कळलं. मी सारवत राहिले.

मी शिकले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, माझं लग्न जमलं. आप्पा तोवर गेले होते. बघायला मंडळी येणार त्याच्या आठ दिवस आधी मी तुला म्हणाले, "आई, लोक आल्यावर तू घरीच असतेस म्हणून सांग. आणि तो पाट तेवढा समोर दिसायला नको." शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले असणार, मुलांना फळा पुसायला सांगावा तसं. तू म्हणालीस, "बरं." दोन दिवसांनी बघितलं तर पाट जागेवर नव्हता. मला वाटलं, माळ्यावर टाकलास. नंतर वाटलं, बंबात घातलास. विचारलं नाही. सासरी टिळकवाडीत आले आणि सगळ्यांना सांगत राहिले की आईने आता काम सोडलंय, तिला आराम आहे. मग कामाचा उल्लेखही सोडून दिला. आई गृहिणी होती, एवढंच उरलं.

आता परत त्या हॉटेलात येते. वाडगी आली होती. हे चमच्याने रस्सा पीत होते. तुझ्या नातीला दोन काड्यांनी शेवया उचलायला येतात, ती मला शिकवत होती, मला जमत नव्हतं. हॉटेलवाला हसून म्हणाला, "काकू, हातानं वाडगं उचला आणि आवाज करत ओढा. तिकडं तसंच खातात." तेवढ्यात नातीने पाट बघितला आणि कट्ट्याकडे वळून विचारलं, "आजी, हे काय आहे ओ?"

त्या बाईने हात थांबवले नाहीत. "शेवयाचा पाट, बाळ. ह्या पोराला तिकडचं नूडल शिकायला पुण्याला जावं लागलं. पन पीठ तिंबायची इद्या त्याच्याआधीच आमच्या घरात आलती. मी मच्छेला नवी नवरी हुते तवा वडगावास्नं एक मावशी यायच्या, हाच पाट डोक्यावर घिऊन. मला पीठ कसं वळखायचं त्यांनी शिकवलं. कानाच्या पाळीगत मऊ लागलं की पुरं, म्हणायच्या."

"त्यांचा पाट तुमच्याकडे कसा?"

"त्यांची एकच लेक. लई शिकलेली, मास्तरीण. तिचं लगीन टिळकवाडीत ठरलं. पोरीला चार लोकांत कमीपणा नको म्हणून मावशींनी पाट माझ्याकडं आणून ठेवला. पोरीनं न्हाई सांगितलं बरं का, त्यांनीच आपनहून."

तू तिलाही तसंच सांगितलंस. मी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून.

"किती गोड," तुझी नात म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, वडगावच्या म्हणजे तुमच्या इथल्याच. तू ओळखायचीस का त्यांना?"

आई, मी चोपन्न वर्षांची आहे. समोर माझा नवरा, माझी मुलगी आणि कट्ट्यापलीकडे ती बाई, जिला तुझा हात ठाऊक आहे. तिथे कुणी वकील नव्हता, कुणी हसणारं नव्हतं. मी म्हणाले, "वडगाव केवढं मोठं आहे, सगळे कुठे माहीत असतात." आणि वाडगं उचलून तोंडाला लावलं, चेहरा झाकला जावा म्हणून. रस्सा गरम होता. जीभ पोळली. अंडं मी तसंच ठेवलं. घरी येताना हे म्हणाले, तुला आवडलेलं दिसत नाही.

दोन दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. बुधवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटी गेले. जेवणाची वेळ टळली होती, मुलगा बाजारात गेला होता, बाई एकटीच ओल्या फडक्याखाली गोळे झाकत होती. मी स्टुलावर बसले. ती म्हणाली, "आत्ता रस्सा न्हाई, ताई. सातनंतर या."

मी म्हणाले, "मी खायला नाही आले. त्या मावशींची मास्तरीण मुलगी, ती मी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी हितंच बसला हुतासा की."

"हो."

"समोर बसून ऐकलासा सगळं."

"हो."

तिने फडकं नीट केलं. मला वाटलं, आता जवळ घेईल किंवा निदान डोळे पुसेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "त्या गेल्याचं आमाला कुनी कळवलं न्हाई, लई मागनं उडत उडत कानावर आलं. दोन उन्हाळं मी वाट बघितली."

मला कळेना. मी म्हणाले, "पण लग्नानंतर तर तिने काम सोडलं होतं."

"कोन म्हनतंय? दर साली यायच्या. पाट हितं, म्हनून मोकळ्या हातानं यायच्या, बसनं. ह्या पोराला जवळ बसवून घ्यायच्या आनि शेवया वळायच्या. तुमाला बाळ झालं त्या साली सुद्धा आल्या, बारशाला बारीक शेवया पायजेत म्हनून रात बघितली न्हाई का दिवस बघितला न्हाई." मग म्हणाली, "यायच्या बंद झाल्या तवा मला वाटलं, लेकीनं आपल्याकडं न्हेलं आसल. म्हातारपनी टिळकवाडीला गेल्या, बरं झालं म्हटलं. म्हनून मीबी कुनाला इचारलं न्हाई."

आई, तुला मी टिळकवाडीला नेलं नाही. तू त्या दोन खोल्यांतच राहिलीस. मी रविवारी यायची, एकटी, तासभर, आणि उठताना तू म्हणायचीस, जा, तिकडं वाट बघत असतील. तू माझ्या घरी आलीस ती फक्त बारशाला, आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसलीस. मी आत ये म्हणाले होते की नाही, हे मी गेले पंधरा दिवस आठवतेय. त्या बारशाच्या शेवयांचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. सासूबाईंनी विचारलं, कुठून आणल्या? मी म्हणाले, ऑर्डर देऊन करून घेतल्या. तू तिथेच, दारात होतीस.

निघताना ती बाई म्हणाली, "पाट तुमचा हाय. न्यायचा आसला तर न्या. पोरगा काढून दील." आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की फ्लॅटमध्ये तो ठेवायचा कुठे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचं काय. मी म्हणाले, "इथेच असू दे. इथे तो वापरणाऱ्या माणसांजवळ आहे." चांगलं वाक्य होतं. ती पुन्हा गोळे झाकायला लागली.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळेला मी ह्यांना सांगितलं. सगळं, वकिलांच्या टेबलापासून. हातातला पेपर त्यांनी घडी करून ठेवला. सत्तावीस वर्षं मी ज्याची भीती बाळगली ते आता घडेल असं वाटलं. ते म्हणाले, "आमची मोठी काकू पापड लाटायला जायची की लोकांकडे. मी आणि बहीण तिच्याबरोबर जायचो, लाट्या खायला मिळायच्या म्हणून." मी विचारलं, मला कधी बोलला नाहीत? ते म्हणाले, "तुमचं घर जरा बरं असावं असं वाटायचं तुझ्या बोलण्यावरून. म्हटलं, कशाला सांगा." मला हसूही आलं नाही आणि रडूही. उठून कप विसळायला गेले.

मुलीला सांगणं अवघड गेलं. ती रागावली. तू शेवया करायचीस म्हणून नव्हे, ते तर तिला भारीच वाटलं. ती म्हणाली, "चौथीत मला माझी आजी म्हणून निबंध होता. तो तू लिहून दिलास. आजी पहाटे उठून देवळात जायची, मला गोष्टी सांगायची, तुळशीला पाणी घालायची. मला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे ती बाई कोण होती, मम्मी?" ती कुणीच नव्हती. मी कुठल्यातरी पुस्तकातली आजी उचलून तिला दिली होती आणि तुला कुठेच ठेवलं नव्हतं. ती आपल्या खोलीत गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "तिचे हात कसे होते?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तुझे हात मला पिठातलेच आठवतात. धुतलेले, मोकळे, मांडीवर ठेवलेले असे तुझे हात मी नीट बघितलेच नाहीत.

आता ती दर रविवारी सकाळी तिकडे जाते. हॉटेल उघडायच्या आधी दोन तास त्या बाई तिला पीठ तिंबायला शिकवतात. पहिल्या दिवशी घरी आली तर मनगटं सुजलेली. दुसऱ्या रविवारी त्यांनी पाट भिंतीवरून खाली काढला, पुसला, आणि तिला त्याच्यासमोर बसवलं. तिच्या शेवया दोरखंडासारख्या जाड आल्या म्हणे. त्या बाई म्हणाल्या, "तुज्या आजीच्या बी पयल्यांदा अशाच आल्या आसतील, नगं काळजी करू." हे तिने मला घरी येऊन सांगितलं, तोंडभर. मला तिने एकदाही ये म्हटलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडते, भाजी घेण्याच्या निमित्ताने, आणि परत येते.

हे पत्र मी शाळेच्या जुन्या वहीत लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि वाचून दाखवायला तू नाहीस. तुला वाचता यायचं नाही, मी शाळेतून आणलेली प्रगतिपुस्तकंसुद्धा तू शेजारच्या आक्काकडून वाचून घ्यायचीस. मला वाटलं होतं, सगळं लिहून झालं की शेवटी लिहीन, आता मी कुणापासून लपवत नाही. तसं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण काल सकाळी जिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भेटल्या. तुझ्या नातीला पिठाने भरलेल्या कपड्यांत येताना त्यांनी बघितलं होतं. विचारत होत्या, रविवारी सकाळी सकाळी कुठे जाते हो तुमची मुलगी? मी किल्ली शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "जपानी कुकिंगचा क्लास लावलाय तिने."